वाहता नळ

या पेजवरच्या गोष्टी मी रोज वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त गोष्टींना हसते. त्यामुळं माझ्या गोष्टीला कुणी हसलं तर मला राग येणार नाही. एवढंच सांगते, की यात मी पदरचं काही घातलेलं नाही. पदरचं घालायला मन ठिकाणावर लागतं, आणि माझं मन गेलं वर्षभर ठिकाणावर नाही.

हे सुरू झालं गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी. भरदुपारी. अशा गोष्टी रात्रीच होतात असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

मी आसावरी, माहेरची आसा. सासर सणसर, तालुका इंदापूर. माहेर मोरगावजवळची एक वाडी. अंतर फार नाही, पण पाण्याच्या हिशेबानं दोन वेगळे देश. सणसरला कालवा, ऊस, कालव्याच्याच पाण्यावर घरात चोवीस तास नळ. वाडीला ज्वारी, बाजरी, शेळ्या आणि उन्हाळ्यात टँकर.

माझे वडील, तात्या, अजून वाडीतच राहतात. आई गेल्यापासून एकटेच. माझं लग्न ठरवताना त्यांनी मुलाची नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. आधी गावातून फिरून कालवा बघून आले. मग म्हणाले, "आईसारखा डोक्यावर हंडा न्हाय यायचा पोरीच्या. द्या इथं."

तात्यांची एक खोड साऱ्या पावण्यारावळ्यांत प्रसिद्ध आहे.

त्यांना वाहता नळ बघवत नाही.

लग्नाच्या पंगतीत जेवताना लांब कुठं नळ गळत असला, तरी हे उष्ट्या हातानं उठणार आणि तो बंद करून येणार. एकदा स्टँडवरचा नळ आवळायच्या नादात यांची एसटी निघून गेली. आम्ही अजून त्यावरून त्यांना चिडवतो. म्हणजे चिडवायचो.

आईला एकदा हिमालय बघायचा होता. ते राहून गेलं. मग माझ्या मिस्टरांनी, युवराजनी, ठरवलं की निदान तात्यांना तरी नेऊन आणू. काठगोदामला रेल्वेतून उतरलो आणि तिथून जीपनं वर गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छोटंसं गाव. देवदाराची झाडं, दगडी पायऱ्या, पाटीच्या काळ्या दगडाच्या छपरांची घरं. निम्म्या घरांना कुलपं. पोरं खाली शहरात गेलेली, असं जीपवाला म्हणाला.

शांत म्हणजे किती शांत... झाडावरून पान पडलं तरी मान वळावी.

एका म्हातारीच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. तिला सगळे आमा म्हणायचे. तिकडं आजीला आमा म्हणतात. बोलायला कमी, पण मायेची बाई. गेल्या गेल्या गरम भात आणि डाळ वाढली.

जेवताना मला पाण्याचा आवाज आला.

एकसारखा. मोठ्या धारेचा.

खिडकीतून बघितलं, तर आमाच्या घराच्या थोडं वर एक बंद घर होतं. दाराला गंजलेलं कुलूप. आणि अंगणात एक नळ, पूर्ण सोडलेला. पाणी दगडावर पडत होतं आणि चरातून खाली वाहून जात होतं.

घर कधीचं बंद... पण नळाभोवतीचं अंगण स्वच्छ झाडलेलं होतं.

हे मला तेव्हा दिसलं. खटकलं नाही.

तात्यांचा घास मात्र हातातच राहिला. "कुणी सोडून ठिवलाय त्यो नळ?"

"डोंगरातलं झऱ्याचं पाणी हाय तात्या," युवराज हसत म्हणाले. "बारा महिने येतंय. ह्यांना काय कमी हाय?"

"येतंय म्हणून सांडायचं व्हय?"

"तात्या, गुमान जेवा," मी म्हणाले. "फिरायला आलोय आपण."

ते जेवले. पण कान तिकडंच.

जेवणानंतर आमा विळा घेऊन गवत कापायला गेली. युवराज झोपले. मी रजईत पाय घालून पडले होते. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. आधी समोरचा डोंगर गेला, मग झाडं गेली, मग अंगणाची कड गेली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. त्या आवाजानं मला डुलकी लागली.

आणि जाग आली...

कशानं आली ते आधी कळेना. कुणी हाक मारली नव्हती. काही पडलं नव्हतं.

मग कळलं.

पाण्याचा आवाज थांबला होता.

तात्या दार ढकलून आत आले. गळ्यातल्या पंच्यानं हात पुसत होते. तोंडावर एखादा किल्ला जिंकून आल्यासारखं समाधान.

"केला बंद," म्हणाले. "नळाची चावी पार गंजलीया. वर्सानुवर्सं कुणी फिरवली न्हाय. एवढं पाणी, आसा... आपल्या वाडीत आलं असतं तर."

मी हसले. खरंच हसले.

खिडकीखाली अंगणात आमाचा कुत्रा पसरलेला होता. तो उठला. वरच्या घराकडं बघितलं. भुंकला नाही. शेपूट पोटाशी घेऊन लाकडाच्या ढिगामागं गेला आणि तिथंच बसला.

मग पाखरांचा आवाज थांबला.

मग... दारावर टकटक.

हळू. कुणी बोटाच्या टोकानं वाजवावं तशी.

खालच्या अंगणातून आमच्या दारापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. कुणी चढलं की चप्पल वाजते. मला चप्पल ऐकू आली नव्हती.

तात्या दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडं. बाहेर नुसतं पांढरं धुकं.

"काय पायजे?" तात्या म्हणाले. मग त्यांच्या हिंदीत, "क्या होना, बाई?"

समोरून काही ऐकू आलं नाही. निदान मला तरी नाही.

"पानी? हां हां. रुको."

तात्यांचा फिरकीचा तांब्या असतो. तांब्याचा, फिरवून बसवायच्या झाकणाचा. आईनं त्यांना घेऊन दिलेला. प्रवासात तो खांद्याच्या पिशवीत असतोच. त्यांनी तो काढला आणि उंबऱ्यात वाकून धार धरली. ओंजळीनं पिणाऱ्याला आपण वरून ओततो, तसं.

तांब्या रिकामा झाला. आत येऊन त्यांनी परत भरला. परत ओतला. परत भरला.

"लई तहानलीया बिचारी," मला म्हणाले.

मी उठले. म्हटलं, बघावं कोण आहे. तात्यांच्या खांद्याशेजारून वाकले.

धार पडत होती. मला स्पष्ट दिसत होती.

खाली दगडी पायरी होती.

पायरी कोरडी होती...

धार कमरेएवढ्या उंचीपर्यंत यायची आणि पुढं नव्हती.

मी तात्यांचा सदरा मागून धरला. तेवढ्यात ते म्हणाले, "झालं? बरं, जा सावकाश." आणि दार लावलं.

"तात्या, कोण होतं?"

"बाई होती की. तुझ्याच वयाची आसल. बघितली न्हाईस?"



थोड्या वेळानं खालून आमाचं ओरडणं ऐकू आलं. ती गवताचा भारा वाटेतच टाकून वर पळत होती. त्या वयात. ती बंद घराच्या अंगणात गेली आणि पुढच्या क्षणी पाण्याचा आवाज सुरू झाला. मग ती आमच्या खोलीत आली. चेहरा पांढरा पडलेला.

नळ कुणी बंद केला, हे तिनं विचारलंच नाही.

तिनं विचारलं, "पानी किसने दिया?"

तात्यांनी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

आमा मटकन खाली बसली. मग हिंदीत जे सांगितलं ते मी आपल्या भाषेत लिहिते. ती बाई कोण, कुणाची सून, कशी गेली, हे तिनं सांगितलं नाही. म्हणाली, नाव काढायचं नसतं. तिच्यासाठी नळ सोडलेला असतो. ती येते, पिते, जाते. कुणाला त्रास नाही. नळ बंद झाला तर ती जवळच्या दारात येते. दार उघडायचं नसतं, आधी नळ सोडायचा असतो. हातानं तर द्यायचंच नसतं. हातानं पाजलं, की ती तो हात ओळखते. मग त्याच हाताकडं येत राहते.

"आमच्यात दारात आल्याल्याला पाणी न्हाय म्हणत न्हाईत," तात्या हळूच म्हणाले. मी आमाला त्याची हिंदी करून सांगितली.

आमानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुम्ही वाईट नाही केलं," म्हणाली. "देत राहा. ती आली की द्या. पाणी मिळालं की ती काही करत नाही."

"आणि पाणी नसलं तर?" मी विचारलं.

तिला माझा प्रश्नच कळला नाही. मी परत विचारला.

"नसलं म्हणजे?" ती म्हणाली. "पाणी नाही, असं कसं होईल?"

युवराज एव्हाना उठून बसले होते. त्यांना हे सगळं म्हातारीचं खूळ वाटत होतं. "काळजी नका करू आमा, आमच्याकडं कालवा आहे," असं काहीतरी ते म्हणाले.

तात्या तांब्याची फिरकी आवळत होते. त्यांच्या वाडीत कालवा नाही.

आम्ही परत आलो. दिवाळी झाली. मी विसरायला लागले होते.

मग एकदा वाडीतल्या सारजाआत्याचा फोन आला. ती तात्यांच्या शेजारी राहते. म्हणाली, "आसा, तुझा बाप दुपारचा वट्यावर कुणाशी बोलतुया गं? तितं तर कुणीच नसतं."

मी दुसऱ्याच दिवशी गेले.

तात्यांनी ओट्यावर एक नवा माठ ठेवला होता. बाजूला फिरकीचा तांब्या. मला बघून त्यांना आनंद झाला नाही. "दुपारच्या आत जा माघारी," म्हणाले.

मी गेले नाही.

तीन वाजायच्या सुमाराला शेळ्या ओरडायच्या थांबल्या. सगळ्या एका बाजूला सरकून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

दाराची कडी वाजली... हळू.

तात्यांनी मला आत ढकललं आणि बाहेर गेले. मी फटीतून बघत होते. तात्यांनी माठातून तांब्या भरला आणि ओट्याच्या कडेला वाकून धार धरली. बाहेर लख्ख ऊन होतं. धुकं नव्हतं, काही नव्हतं. ओट्याखाली फुफाटा होता. आमच्याकडच्या त्या मातीत थेंब पडला तरी खळगा पडतो.

एकही खळगा पडला नाही.

तांब्यामागून तांब्या. अर्धा माठ गेला.

"रोज येती?" मी नंतर विचारलं.

"रोज न्हाय. पर येती." ते पंच्यानं तोंड पुसत म्हणाले. "काय करत न्हाय ती. पिती आन जाती. लांबून येती बिचारी."

"तात्या, माझ्याकडं चला. सणसरला. तिथं पाण्याला तोटा न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं ते कधीच बघत नाहीत.

"मी आलो की मागनं ती येणार," म्हणाले. "तुझ्या दारात आणू व्हय तिला? पाण्याच्या गावात दिली तुला ती ह्याच्यासाठी?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. पण ते आले नाहीत.

उन्हाळा लागला. वाडीतल्या विहिरी खरवडल्या गेल्या. टँकर सुरू झाला. मी आठवड्यातून एकदा टेम्पोतून पाण्याचे कॅन भरून न्यायची. युवराज कॅन चढवून द्यायचे. तात्या वाळत चालले होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. सारजाआत्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सवता पीत न्हाय गं त्यो. सगळं ठिवून देतोय."

मला फक्त एका दिवसाची भीती होती. ज्या दिवशी ती येईल आणि माठात काहीच नसेल.

तो दिवस मे महिन्यात आला. टँकर वाटेत बंद पडला होता.

दुपारी तात्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"आसा, माठ उपडा हाय. ती आलीया."

"कुठं हाय?"

"वट्यावर. म्होरं हुबी हाय. हलत न्हाय."

मागं कसलाच आवाज नव्हता. शेळ्यांचा नाही, वाऱ्याचा नाही.

"तात्या, दार लावा. मी निघाले. कॅन भरल्याले हायेत. तुमी तिला काय बी सांगा, पर थांबवा."

"सांगतो," म्हणाले. आणि फोन कानालाच धरून ते तिच्याशी बोलले. मायेनं. मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बस बाई जरा. माझी पोरगी पाणी घिऊन येतीया. तिकडनं, सणसरवरनं. लई पाणी हाय तिच्याकडं."

मग तात्या मला म्हणाले, "वळली."

"काय?"

"रस्त्याकडं वळली. तिकडं बघतीया."

युवराज टेम्पो चालवत होते. मी शेजारी. बारामती सोडल्यावर एका ठिकाणी गाडी जराशी दबल्यासारखी वाटली. मागं कुणी चढल्यावर दबते, तशी. युवराजनी आरशात बघितलं. मी मागं वळून बघितलं नाही.

वाडीत पोचलो, तर तात्या ओट्यावर बसलेले. सुखरूप. शेळ्या ओरडत होत्या. मला बघून ते हसले. किती महिन्यांनी हसले.

"गेली," म्हणाले. "तुमी यायच्या लई आधीच गेली. काय केलं न्हाय. उगं घाबरलो आपण."

युवराज कॅन उतरवायला मागं गेले आणि तिथंच उभे राहिले.

मी गेले. सगळ्या कॅनची झाकणं घट्ट होती. मीच आवळली होती. टेम्पोचा तळ कोरडा होता.

सगळ्यात मागचा कॅन मी एका हातानं उचलला. तो रिकामा होता.

त्यानंतर वाडीत ती परत आली नाही. तात्यांच्या ओट्यावरचा माठ भरलेला राहतो. ते पोटभर पाणी पितात, जेवतात, अंगानं भरलेत. सारजाआत्या म्हणते, म्हातारा दहा वर्षांनी तरणा झाला. सगळ्यांना वाटतं, सुटलो.

मी त्यांना काही सांगितलं नाही.

आमच्या घरामागं धुण्याच्या दगडापाशी एक नळ आहे. मी तो बंद करत नाही. शेजारणी मला बोलतात. सासूबाई बोलतात. बोलू देत. तो वाहत असला की दारावर टकटक होत नाही. एकदा लाइट गेली, टाकी संपली आणि धार तुटली. त्या दुपारी मी मागच्या खोलीत पाठीनं दार दाबून बसले होते. कडी हळूहळू वाजत होती. लाइट येईपर्यंत.

दार मी उघडलं नाही. हातानं दिलं नाही. पण कॅन माझ्याच हातानं भरलेले होते ना. ती हात ओळखते.

गेल्या रविवारी तात्या आले होते. पहिल्यांदाच मोकळ्या मनानं. मी पुरणपोळी केली होती. दुसरी पोळी वाढत असताना त्यांचा हात थांबला.

मागून पाण्याचा आवाज येत होता.

"नळ चालू ऱ्हायलाय गं," म्हणाले, आणि सवयीनं उष्ट्या हातानं उठले.

मी ताट टाकून त्यांच्या मागं पळाले. ते नळापाशी पोचले होते. चावीवर हात होता.

"तात्या, राहू द्या."

एवढंच म्हणाले मी. एवढंच.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग नळाकडं. मग नळाभोवती मी रोज झाडून घेते, त्या जमिनीकडं.

त्यांचा हात चावीवरून निघाला. आत जाऊन पिशवीतला फिरकीचा तांब्या आणला, भरला, आणि नळाशेजारी दगडावर ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्या पाठिवली गं तिला. म्या सांगितला तुझा पत्ता."

तेव्हापासून ते इथंच आहेत. वाडीला जायचं नाव काढत नाहीत. दुपारचं जेवण झालं की खुर्ची घेऊन मागच्या दारात बसतात. उभ्या आयुष्यात ज्यांना वाहता नळ बघवला नाही, ते माझे तात्या आता नळ बंद पडू नये म्हणून राखण करतात.

काल युवराज गावातून आले ते जेवायला बसेनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवणार आहेत. किती दिवस, ते अजून कुणालाच माहीत नाही.

तात्यांना आम्ही ते अजून सांगितलेलं नाही. पण आज सकाळपासून ते घरातली सगळी भांडी भरून ठेवताहेत.